मार्टिन्सव्हिलची शेवटची फेरी: रॉस चॅस्टेनने भिंतीचा आधार घेतला तेव्हा

३० ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सव्हिल स्पीडवेवर नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार (सामान्य मोटारीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, सर्वांत वरच्या कप मालिकेची ५०० फेऱ्यांची शर्यत शेवटच्या फेरीत आली, तेव्हा एक क्रमांकाची शेवरोले चालवणारा रॉस चॅस्टेन दहावा होता. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी पोचला तेव्हाही तो दहावाच होता. त्यानंतर काही सेकंदांत त्याने पाच गाड्या मागे टाकल्या आणि पाचव्या क्रमांकावर रेषा ओलांडली. हे करताना त्याने ब्रेक लावला नाही. बाहेरच्या भिंतीला गाडीची उजवी बाजू टेकवली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि तिसरं-चौथं वळण, म्हणजे ट्रॅकचं शेवटचं टोक, भिंतीच्या आधाराने घेतलं. त्या फेरीची वेळ होती १८.८४५ सेकंद. मार्टिन्सव्हिलवर स्टॉक कारचा तोवरचा विक्रम १८.८९८ सेकंदांचा होता. तो जोई लोगानोने २०१४ च्या पात्रता फेरीत, म्हणजे मोकळ्या ट्रॅकवर आणि नव्या टायरांवर केला होता. चॅस्टेनने तो ५०० व्या फेरीत, झिजलेल्या टायरांवर मोडला.

हे दृश्य जगभर पाहिलं गेलं आणि त्याला बहुतेकांनी वेडेपणा म्हटलं. आमच्या मते तो हिशेब होता. जोखमीचा आणि घाईचा होता, पण हिशेबच होता. तो जुळून येण्यासाठी गुणपद्धती, गाडी, भिंत, ट्रॅकचा आकार आणि चालकाची आजवरची वाटचाल या सगळ्यांचा त्या एका क्षणी मेळ बसावा लागला. यातली एखादी गोष्ट वेगळी असती तर चॅस्टेन त्या संध्याकाळी मोडक्या गाडीतून उतरला असता.

गुणांची गोळाबेरीज

नॅस्कारच्या तेव्हाच्या पद्धतीत हंगामाच्या शेवटच्या दहा शर्यती प्लेऑफच्या असत. १६ चालकांपासून सुरुवात, तीन-तीन शर्यतींच्या तीन टप्प्यांत दर वेळी चार जण बाद, आणि उरलेले चौघे फिनिक्सच्या अंतिम शर्यतीत विजेतेपदासाठी लढणार. त्या चौघांत जो सर्वांत पुढे येईल तो वर्षाचा विजेता. टप्प्यातली एखादी शर्यत जिंकणारा प्लेऑफ चालक थेट पुढे जात असे. उरलेल्या जागा गुणांवर भरत.

मार्टिन्सव्हिल ही तिसऱ्या टप्प्यातली शेवटची शर्यत. आधीच्या दोन शर्यतींपैकी लास व्हेगास लोगानोने जिंकली होती, म्हणून त्याची जागा पक्की. होमस्टेड-मायामी काइल लार्सनने जिंकली, पण तो आधीच्या टप्प्यात बाद झाला असल्याने त्या विजयाने कोणाचीच जागा भरली नाही. चॅस्टेन या दोन्ही शर्यतींत दुसरा आला होता. इतक्या चांगल्या कामगिरीनंतर तो मार्टिन्सव्हिलला निश्चिंत असायला हवा होता. तसं झालं नाही, कारण त्या दिवशी डेनी हॅमलिनची गाडी जोरात होती. त्याने शर्यतीचा मोठा भाग आघाडीवर काढला आणि भरपूर गुण गोळा केले. वर ख्रिस्तोफर बेल, ज्याला पुढे जायचं तर जिंकणंच भाग होतं, त्याने शेवटच्या काही फेऱ्यांत चेस ब्रिस्कोला मागे टाकून आघाडी घेतली. म्हणजे आणखी एक जागा भरली. गुणांवर मिळणाऱ्या दोन जागा उरल्या. त्यातली एक चेस एलियटकडे जात होती आणि दुसरीसाठी हॅमलिन आणि चॅस्टेन यांच्यात झुंज होती.

विजेत्याला ४० गुण, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३४ आणि पुढे प्रत्येक जागेला एकेक कमी, असं तेव्हा कोष्टक होतं. पाचव्या जागेवरच्या हॅमलिनचे ३२ होत होते, दहाव्या जागेवरच्या चॅस्टेनचे २७. एकूण बेरजेत चॅस्टेनला आणखी दोन जागा वर जाणं आवश्यक होतं. मार्टिन्सव्हिलच्या एका फेरीत, टायर सारखेच झिजलेले असताना, नेहमीच्या मार्गाने दोन गाड्या ओलांडणं जवळजवळ अशक्य. २०२२ ची नवी गाडी छोट्या ट्रॅकवर ओलांडायला अवघड आहे ही तक्रार तर हंगामभर चालू होती.

शेवटच्या फेरीत दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना चॅस्टेनने रेडिओवर विचारलं, गरज आहे का? होकार आला. चालकाला गुणांचं कोष्टक दिसत नाही, समोरच्या गाड्यांच्या मागच्या बाजूच फक्त दिसतात. आकडेमोड पिटमधला क्रू चीफ आणि त्याचे अभियंते करतात, आणि उंचावर उभा असलेला स्पॉटर ती चालकाच्या कानात घालतो. उत्तर मिळायला दोन सेकंद उशीर झाला असता तर तिसरं वळण निघून गेलं असतं.

तो असा का वागला, हे त्याच्या कारकिर्दीत आहे

चॅस्टेनचा जन्म डिसेंबर १९९२ चा, गाव फ्लोरिडातलं अल्व्हा. घरात पिढ्यान् पिढ्या शेती, मुख्य पीक कलिंगड. शर्यत जिंकली की तो गाडीच्या छतावरून कलिंगड आपटून फोडतो, ते यामुळेच. घरच्यांनी सुरुवातीच्या स्थानिक शर्यतींचा खर्च उचलला, पण राष्ट्रीय पातळीवर एका हंगामाला लागणारे लाखो डॉलर कलिंगडांतून निघत नाहीत. नॅस्कारमध्ये तरुण चालक वर येतात ते बहुतेक प्रायोजक सोबत घेऊन; ज्याच्याकडे प्रायोजक नाही तो लहान संघांत, जुन्या गाड्यांवर, मिळेल ती शर्यत घेत राहतो. चॅस्टेनने तेच केलं. २०११ मध्ये नॅस्कारच्या तिसऱ्या पायरीवरच्या ट्रक मालिकेत पदार्पण, २०१५ पासून दुसऱ्या पायरीवरच्या एक्सफिनिटी मालिकेत जेडी मोटरस्पोर्ट्स या छोट्या संघाची चार क्रमांकाची गाडी, २०१७ मध्ये डोव्हरला कप मालिकेतली पहिली शर्यत. मधल्या वर्षांत अनेक शनिवार-रविवार तो दोन-दोन, कधी तीन-तीन मालिकांत गाडी चालवत होता.

अशा चालकाच्या हाताला एक वळण लागतं. गाडी कमजोर असते, म्हणून तो प्रत्येक जागेसाठी झगडतो आणि पुढे जायला जी फट दिसेल तीत घुसतो. पुढे चांगल्या संघात आल्यावर हाच गुण इतरांना खुपू लागतो.

२०१८ मध्ये चिप गनासीच्या संघाने त्याला तीन एक्सफिनिटी शर्यतींसाठी उत्तम गाडी दिली. डार्लिंग्टनला त्याने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली आणि बराच वेळ आघाडीवर राहून केव्हिन हार्विकशी झालेल्या टकरीत संधी गमावली. दोन आठवड्यांनी लास व्हेगासला तो जिंकला. पुढच्या वर्षी पूर्ण हंगाम देण्याची घोषणा झाली. डिसेंबर २०१८ मध्ये त्या गाडीची प्रायोजक कंपनी डीसी सोलरवर एफबीआयने छापा घातला, गुंतवणूकदारांची प्रचंड फसवणूक बाहेर आली, आणि गनासीने एक्सफिनिटीचा संघच बंद केला. चॅस्टेन पुन्हा होता तिथे आला.

२०१९ मध्ये तो नीस मोटरस्पोर्ट्सच्या ट्रकवर होता. जूनमध्ये आयोवाला जिंकला, पण तपासणीत ट्रकची पुढची उंची नियमापेक्षा कमी भरली आणि विजय काढून घेतला गेला. पुढच्याच आठवड्यात सेंट लुईसजवळच्या गेटवेवर तो जिंकला. त्या वर्षी ट्रक मालिकेत तो दुसरा आला. २०२० मध्ये कॉलिग संघ, २०२१ मध्ये अखेर गनासीची कप मालिकेतली ४२ क्रमांकाची गाडी. ती मिळते न मिळते तोच, जून २०२१ अखेर, गनासीने आपला नॅस्कार संघ जस्टिन मार्क्सच्या ट्रॅकहाउसला विकल्याची बातमी आली. यावेळी मात्र नशीब उलटलं नाही. मार्क्सने चॅस्टेनला ठेवून घेतलं आणि एक क्रमांकाची गाडी दिली. मार्च २०२२ मध्ये ऑस्टिनला पहिला कप विजय, एप्रिलमध्ये टॅलाडेगाला दुसरा.

ऑस्टिनचा विजय शेवटच्या फेरीत ए. जे. ऑलमेंडिंगरला धक्का देऊन आला होता. जूनमध्ये गेटवेवर त्याने हॅमलिनला आणि एलियटला धडक दिली. हॅमलिनने उरलेली शर्यत त्याची वाट अडवण्यात घालवली. जुलैत पोकोनोला हॅमलिनने त्याला बाहेरच्या भिंतीवर ढकललं. म्हणजे मार्टिन्सव्हिलला शेवटच्या जागेसाठी समोरासमोर उभे असलेले हे दोघे वर्षभर एकमेकांचा हिशेब ठेवून होते. शेवटच्या फेरीचं वर्णन करणारे हा भाग बहुतेक वेळा गाळतात. आमच्या मते तो महत्त्वाचा आहे: नेहमीच्या मार्गाने, बंपरला बंपर लावून हॅमलिनपर्यंत जायचं, तर वाटेतल्या कोणीही चॅस्टेनला सहज जागा दिली नसती.

कल्पना कुठून आली

चॅस्टेनने शर्यतीनंतर सांगितलं की लहानपणी भावासोबत गेमक्यूब या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर नॅस्कारचा २००५ चा गेम खेळताना ही युक्ती चालायची. व्हिडिओ गेममध्ये भिंतीचं घर्षण आणि गाडीची मोडतोड बेताचीच दाखवलेली असते, म्हणून भिंतीला टेकून वळण घेतलं की वेग टिकतो. खऱ्या गाडीवर हे करून पाहणारा तो पहिला नव्हता. सप्टेंबर २००८ मध्ये कॅन्ससला कार्ल एडवर्ड्सने शेवटच्या फेरीत जिमी जॉन्सनला ओलांडायला तिसऱ्या वळणात गाडी झोकून दिली. तो पुढे गेला, भिंतीवर आदळला, वेग गमावला, आणि जॉन्सन खालून निघून गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये डार्लिंग्टनला लार्सनने हॅमलिनवर हाच प्रयोग केला आणि दुसराच राहिला.

दोघे का फसले? कॅन्सस दीड मैलाचा ट्रॅक आहे, डार्लिंग्टन सव्वा मैलाहून मोठा. तिथे इतर गाड्या वळणातही खूप वेगात असतात. त्यामुळे भिंतीला टेकून मिळणारा जादा वेग थोडा, आणि घासण्यात जाणारा वेग जास्त. शिवाय त्या दोघांनी जुनी, पत्र्याची गाडी चालवली होती. मार्टिन्सव्हिलचं गणितच वेगळं आहे.

ट्रॅक आणि बळांचा हिशेब

मार्टिन्सव्हिल हा कप मालिकेतल्या सर्वांत छोट्या ट्रॅकांपैकी एक: ०.५२६ मैल, म्हणजे सुमारे ८४६ मीटर. दोन सरळ पट्टे प्रत्येकी ८०० फुटांचे, म्हणजे २४४ मीटर. उरले ३५८ मीटर, दोन टोकांच्या दोन अर्धवर्तुळांत वाटलेले. एका अर्धवर्तुळाचे १७९ मीटर धरले तर त्रिज्या येते सुमारे ५७ मीटर. वळणात ट्रॅकचा तिरपेपणा १२ अंश. सरळ पट्ट्यावर गाडी जोरात धावते, मग जबर ब्रेक, घट्ट वळण, आणि पुन्हा शून्यातून उठावं तसं अॅक्सिलरेशन. टायर आणि ब्रेक खाणारा ट्रॅक.

टायर आणि ट्रॅकमधला घर्षणांक १.२ धरला आणि १२ अंशांचा तिरपेपणा मोजला, तर टायरांच्या जोरावर गाडीला गुरुत्वाच्या सुमारे १.९ पट बळ वळणाच्या केंद्राकडे मिळू शकतं. ५७ मीटर त्रिज्येवर याचा अर्थ ताशी सुमारे ११७ किलोमीटर. त्याहून जोरात गेलात की गाडी बाहेर सरकते. चालक कितीही निष्णात असो, ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही, कारण ती टायरांची मर्यादा आहे.

भिंतीला टेकलात की केंद्राकडे ढकलणारं दुसरं काहीतरी मिळतं. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल ज्या नियमाने भिंतीवर फिरते, तोच नियम इथे आहे: वेग जितका जास्त तितकी भिंत आत दाबते. फरक हा की कुआँमध्ये चाक भिंतीवर फिरत असतं, म्हणून घासणं नगण्य. इथे गाडीची बाजू, उजवी चाकं आणि बंपर भिंतीवर खरवडत जातात.

आता आकडे घालून पाहू. गाडीचं वजन चालक आणि इंधनासह अंदाजे १,५५० किलो. भिंतीलगत त्रिज्या थोडी मोठी, ६५ मीटर. वेग ताशी २०० किलोमीटर धरला तर केंद्राकडे लागणारं बळ गुरुत्वाच्या ४.८ पट येतं. टायर १.९ पट देतात. उरलेलं २.९ पट भिंतीने द्यायचं, म्हणजे साडेचार टनांच्या आसपासचा दाब. घासण्याचा गुणांक पाव धरला तर मागे खेचणारं बळ सव्वा टनाच्या आतबाहेर. त्याविरुद्ध इंजिन काय देतं? ६७० अश्वशक्ती त्या वेगाला पूर्ण चाकांपर्यंत पोचली असं मानलं तर सुमारे ०.९ टन. म्हणजे घासण्यात जे जातं त्याचा बराचसा भाग इंजिन भरून काढतं. गाडी वळणभर मंदावत जाते, पण हळूहळू. हे ढोबळ अंदाज आहेत. घर्षणाचा गुणांक थोडा हलवला की आकडे हलतात. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवणं हा हौसेचा भाग नव्हता. पाय थोडा जरी उचलला असता तरी भिंतीने गाडीचा वेग झपाट्याने खाल्ला असता.

वेळेचा फायदा मात्र वळणाच्या आधीच सुरू होतो, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय १८.८४५ चा आकडा समजत नाही. इतर गाड्या मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लावत होत्या. चॅस्टेनने तिथे पाचवा गिअर टाकला. बाकीचे वळणाच्या मध्यावर सर्वांत मंद असताना तो त्यांच्यापेक्षा कितीतरी जोरात होता. आणि चौथ्या वळणातून ते वेग नव्याने जमवत असताना त्याच्याकडे तो आयता होता. बाहेरून जाताना अंतर जास्त पडतं, पण ते २०-२५ मीटर या फायद्यापुढे क्षुल्लक ठरले. हॅमलिनला त्याने अगदी रेषेपाशी गाठलं.

गाडी आणि भिंत

२०२२ मध्ये कप मालिकेत नेक्स्ट जेन नावाची नवी गाडी आली. जुन्या गाडीची बॉडी पत्रा ठोकून बनवलेली असे. ती भिंतीला घासली की पत्रा आत वाकतो, टायरला लागतो, धूर निघतो आणि टायर फुटतो. डार्लिंग्टनला लार्सनने हे करून पाहिलं तेव्हा तो याच पत्र्याच्या गाडीत होता. नव्या गाडीची बॉडी कंपोझिटच्या पॅनेलांची आहे; ती दबते आणि पुन्हा बाहेर येते. चाकं १५ इंची पोलादी होती ती १८ इंची अॅल्युमिनियमची झाली, पाच नटांऐवजी मध्ये एकच मोठा नट आला. गिअरबॉक्स पाच गिअरांचा सीक्वेन्शियल, म्हणजे क्लचची धांदल न करता एका झटक्यात पाचवा गिअर पडतो.

या गाडीची एक दुखरी जागाही होती. चाकाची दिशा धरून ठेवणारा टो-लिंक नावाचा दांडा किरकोळ धक्क्यानेही वाकत असे, आणि त्या हंगामात भिंतीला हलकं चाटून गेलेल्या कित्येक गाड्या यामुळे शर्यतीबाहेर गेल्या. मग चॅस्टेनचा दांडा का टिकला? आमचं मत असं की दाब गाडीच्या सबंध उजव्या बाजूवर पसरला. चाक एकटं पुढे येऊन आपटलं असतं तर दांडा गेलाच असता. आणि वाकला असता तरी उरलं होतं अर्धं वळण; भिंतीने गाडी वळवत आणलीच असती.

वळणातली भिंत सेफर बॅरिअरची होती. चौकोनी पोलादी नळ्या एकावर एक वेल्ड केलेल्या, मागे दाट फोमचे ठोकळे, त्यामागे काँक्रीट. नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली ही भिंत २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिसला बसवली गेली, ती चालकाच्या डोक्याला आणि मानेला बसणारा झटका कमी करण्यासाठी. तिचा दर्शनी भाग सपाट पोलादाचा असतो. उघड्या काँक्रीटच्या खडबडीत पृष्ठभागाने बॉडी ओरबाडली असती. इथे गाडी घसरत गेली.

सगळ्यात नाजूक गोष्ट होती भिंतीला लागण्याचा कोन. ताशी २०० किलोमीटर वेगाने १० अंशांत लागलात तर भिंतीच्या दिशेने वेग ताशी ३५ किलोमीटर होतो, म्हणजे पुढचं उजवं चाक तुटतं आणि गाडी भिंतीवरून उसळून मैदानात येते. ३ अंशांत लागलात तर तोच वेग ताशी १० किलोमीटर. चॅस्टेन सरळ पट्ट्यावरूनच वर सरकत भिंतीच्या जवळ गेला, वळण सुरू होईपर्यंत तिला जवळजवळ समांतर झाला, मग स्टिअरिंग जवळपास सोडून देऊन भिंतीला वळण ठरवू दिलं. इथे हाताची सवय उलटी काम करते. प्रत्येक चालक वर्षानुवर्षं हेच शिकलेला असतो की भिंत जवळ आली की डावीकडे ओढायचं. या जागी जोरात डावीकडे ओढलं असतं तर पुढची चाकं क्षणभर पकड घेऊन गाडी फिरली असती.

त्याला स्वतःला भीती होती ती चौथ्या वळणातल्या दाराची. ट्रॅकवर वाहनं आत-बाहेर करायला भिंतीत फाटक असतं. त्याची कड थोडी जरी पुढे आलेली असती तर गाडीचा पुढचा कोपरा तिथे अडकला असता, आणि घसरत जाणाऱ्या गाडीचं रूपांतर एका क्षणात थांबलेल्या गाडीत झालं असतं. ती तपासायला कोणी गेलं नव्हतं. या जोखमीवर कोणाचंही नियंत्रण नव्हतं. ती टळली एवढंच.

निकाल, आणि पुढचा वाद

तपासणीत चौथ्या आलेल्या ब्रॅड केसलौस्कीची गाडी वजनात कमी भरली आणि बाद झाली, म्हणून चॅस्टेन अधिकृत निकालात चौथा आणि हॅमलिन पाचवा. फिनिक्सला लोगानो, बेल, एलियट आणि चॅस्टेन गेले. तिथे लोगानोने शर्यत आणि विजेतेपद दोन्ही घेतलं. चॅस्टेन तिसरा आला आणि वर्षाच्या क्रमवारीत दुसरा.

कौतुकाच्या लाटेत चालकांचा सूर वेगळा होता. लार्सनने याला लाजिरवाणं म्हटलं, आणि आपण डार्लिंग्टनला केलेल्या प्रयत्नाबद्दलही त्याला बरं वाटत नव्हतं. लोगानोचं म्हणणं होतं की आता नियम हवा, नाहीतर सगळेच हे करतील. त्यांचं बरोबर होतं. एका चालकाने, बाहेरची बाजू रिकामी असताना केलं म्हणून निभावलं. शेवटच्या फेरीत पाच जण एकाच वेळी भिंतीकडे वळले तर पहिला अडकताच मागचे चार त्याच्यावर ताशी दोनशेच्या वेगाने येतील, आणि प्रेक्षकांचं कुंपण त्याच भिंतीच्या वर आहे. शिवाय त्याच हंगामात नव्या गाडीचा ताठरपणा चालकांना भोवला होता: जुलैत पोकोनोच्या पात्रता फेरीत मागच्या बाजूने आदळल्यावर कर्ट बुशच्या मेंदूला इजा झाली, सप्टेंबरमध्ये टेक्ससला अॅलेक्स बोमनला तसंच झालं आणि मार्टिन्सव्हिलच्या दिवशीही तो गाडीबाहेर होता. जो भक्कमपणा चॅस्टेनच्या कामी आला तोच इतरांना घरी बसवत होता.

नॅस्कारने फिनिक्सपूर्वी नियम बदलला नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात बदलणं योग्यही नव्हतं. ३१ जानेवारी २०२३ ला त्यांनी जाहीर केलं की नवा नियम लिहिण्याची गरज नाही, सुरक्षिततेला धोका पोचवणाऱ्या कृतींबद्दलचं जे कलम पुस्तकात आहे तेच यापुढे लागू होईल आणि असं करणाऱ्याला फेरीचा किंवा वेळेचा दंड बसेल. हा मार्ग चांगला होता असं आम्हाला वाटतं. भिंतीला किती मीटर टेकलं की गुन्हा, असं मोजमाप लिहिलं असतं तर संघांनी त्याच्या एक मीटर आत राहणारी युक्ती शोधली असती. पण या मार्गाची किंमतही आहे: निर्णय दर वेळी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो.

त्याचा कस ३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, पुन्हा मार्टिन्सव्हिललाच, पुन्हा अंतिम चौघांतल्या शेवटच्या जागेसाठी. यावेळी गरज होती ख्रिस्तोफर बेलला, २०२२ मध्ये ही शर्यत जिंकणाऱ्याला. शेवटच्या फेरीत त्याने मंदावलेल्या बबा वॉलेसला ओलांडलं, गाडी वर सरकून भिंतीला लागली, आणि त्याने अॅक्सिलरेटर न सोडता भिंतीच्या कडेने रेषा गाठली. त्याचे गुण विल्यम बायरनएवढे झाले आणि बरोबरीच्या नियमाने जागा बेलची होत होती. बराच वेळ तपासणी चालली. बेलचं म्हणणं होतं की गाडी सरकली, हेतू नव्हता. नॅस्कारने ते सुरक्षिततेचं उल्लंघन ठरवून त्याला २२ व्या जागेवर टाकलं आणि बायरन पुढे गेला. मुद्दाम केलं की घडलं हा प्रश्न २०२३ च्या भूमिकेत उरतच नाही. भिंतीच्या आधाराने फायदा घेतला का, एवढंच पाहिलं जातं. चॅस्टेनने पाय उचलला नाही म्हणून त्याला जागा मिळाली होती, बेलने पाय उचलला नाही म्हणून त्याची गेली.

त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांत बायरनच्या मागे दोन शेवरोले जोडीने चालत राहिल्या आणि त्याला ओलांडायला कोणी पुढे झालं नाही. नॅस्कारने याला आणि वॉलेसच्या मंदावण्याला निकालात केलेली ढवळाढवळ ठरवलं. वॉलेस, ऑस्टिन डिलन आणि त्या एक क्रमांकाच्या गाडीतला रॉस चॅस्टेन, तिघांचे प्रत्येकी ५० गुण कापले आणि प्रत्येकाला एक लाख डॉलर दंड केला.